कप्तान काय म्हणाला

त्याने डावा डोळा मिटला, उजवा स्कोपला, लांबचं बघायच्या त्या एकनळी दुर्बिणीला, लावला आणि श्वास रोखून धरला. दुकानाच्या काचेपलीकडे रस्ता होता, रस्त्यापलीकडे गोदामांची छपरं, आणि त्याही पलीकडे, नुसत्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसणारी पाण्याची टाकी. आधी सगळं धुरकट होतं. मग बोटाखालचं चाक जरासं फिरलं आणि टाकी एकदम अंगावर आली.

"दिसलं का कबूतर?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं.

"शिडीची वरून तिसरी पायरी गंजलीय," तो म्हणाला. "कुणीतरी पडणार तिथून."

बाई हसल्या. "इथून बघणारा प्रत्येक जण कबूतर सांगतो."

"मी लिफ्टचं काम करतो," तो म्हणाला. एवढं सांगितलं की पुरतं असा त्याचा अनुभव होता.

काउंटरवर तीन स्कोप मांडलेले होते. पहिला दंडाएवढा जाड, पुढचं भिंग बशीएवढं. दुसरा मधला. तिसरा इतका सुटसुटीत की झोळीत टाकून बाजारात न्यावा. जाडजूड स्कोप त्याने ओळखला होता. बायकोच्या फोनमधल्या एका फोटोत तो होता, तिच्या शेजारी, तीन पायांवर उभा. आणि त्याच्याही शेजारी तो माणूस उभा होता. तो फोटो बोटांनी मोठा करून त्याने स्कोपवरचं नाव वाचून ठेवलं होतं. बायको तेव्हा अंघोळीला गेली होती.

"हा नको," तो पहिल्याकडे बोट दाखवत म्हणाला. "खिशाला झेपणार नाही. पण ह्याच्यात दिसतं ते सगळं त्या मधल्यात दिसलं पाहिजे."

"दिसेल. अगदी पहाटे नि अगदी तिन्हीसांजेला हा मोठा सरस. मोठं भिंग जास्त उजेड ओढतं. एकदा ऊन वर आलं की दोघांत फारसा फरक नाही. आणि झूम आहे म्हणून शेवटपर्यंत फिरवायचा नसतो. जितका ताणाल तितका अंधार, आणि हात लागला तरी सगळं हलतं. त्यापेक्षा स्टँड चांगला घ्या." बाईंनी मधला स्कोप त्याच्याकडे सरकवला. "कुणासाठी घेताय?"

"बायकोसाठी."

"अरे वा. चष्मा आहे त्यांना?"

"वाचायला लागतो."

"मग काळजी नाही. आता सांगा, सरळ देऊ की तिरका? ह्याची बघायची नळी तिरकी आहे, वरून वाकून बघायचं. दोघातिघांना मिळून बघायचं असेल तर हाच घ्यावा. एक उंच, एक बुटका असला तरी स्टँड सारखा वरखाली करावा लागत नाही. सरळवाला मात्र ज्याच्या उंचीला लावला त्याचाच."

त्याने झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"त्या एकट्याच बघतात की कुणी सोबत असतं?" बाईंनी विचारलं.

"एकटीच असते," तो म्हणाला. "सरळ द्या."

खोकं गाडीत मागे ठेवताना त्याला बरं वाटत होतं. बायको त्याच्या खांद्याला लागायची. फोटोतला तो माणूस, कप्तान, त्याच्याहूनही हातभर उंच होता. तिच्या उंचीला लावलेल्या स्कोपमधून बघायचं तर त्या माणसाला गुडघे तरी टेकावे लागले असते, नाहीतर पाठीचा कणा मोडून घ्यावा लागला असता. हे चित्र त्याने सिग्नलला थांबल्यावर पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं. हिरवा दिवा लागलेला त्याला कळलाच नाही, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. आठवडाभर एक डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून बसायची. मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि घरात जेवायला दोघंच उरली, तेव्हा लॅबमधल्या कुणीतरी तिला गावाबाहेरच्या तलावावर नेलं. दर रविवारी सकाळी काही हौशी मंडळी तिथं जमायची आणि समोरच्या काठावरचे पक्षी, प्राणी बघत बसायची. आठवडाभर इतकं जवळचं बघते, एक दिवस लांबचं बघू दे, असं ती म्हणाली. त्याने ह्याची टिंगल केली होती. तिने त्यालाही चला म्हटलं, एकदा नाही, चारपाचदा. "पक्ष्यांनी वर राहायचं, माणसांनी खाली, असं ठरलंय," तो म्हणाला होता. "मी कशाला त्यांच्यात नाक खुपसू?"

हळूहळू मंडळी पांगली. कुणाचे गुडघे दुखायला लागले, कुणाला नातवंडं झाली. उरली ती दोघं. बायको आणि कप्तान.

कप्तान खरंच कप्तान होता. बंदरात बोटी चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली. त्याला हा माणूस एकदाच भेटला होता. बायकोची स्कूटर बंद पडली म्हणून तो तिला तलावावर सोडायला गेला, तेव्हा पांढरी दाढी, निळी टोपी असा तो गडी लांबलांब ढांगा टाकत गाडीपाशी आला आणि खिडकीतून हात आत घालून म्हणाला, "तुम्हीच का ते! फार ऐकलंय तुमच्याबद्दल." हात चांगला जाडजूड आणि उबदार होता. परत येताना सबंध रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. काय ऐकलं असेल?

तेव्हापासून त्याचं बिनसलं होतं. दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर सांगण्यासारखं काहीच नव्हतं. बायको उजळ माथ्याने जायची, वेळेवर परत यायची, आणि काय काय झालं ते आपणहून सांगायची. पण त्या सांगण्यात दर दोन वाक्यांनी कप्तान. कप्तानने करकोच्यांचा थवा आधी ओळखला. कप्तान म्हणाला की पाणमांजरं माणसासारखीच कुटुंबाने राहतात. आणि एकदा ती फोनवर बोलत असताना दाराशी बूट काढता काढता त्याच्या कानावर पडलं, "अरे, तू थांब ना, मी येते की."

अरे. तू.

लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याला ती 'अहो' म्हणायची. त्याला ते आवडायचंही. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं की 'अहो' म्हणजे दाराबाहेर उभं करून बोलणं.

"त्याला तू म्हणतेस?" त्याने जेवताना विचारलं. सहज विचारल्यासारखं.

"तिथं सगळेच एकमेकांना तू म्हणायचे. नियमच होता तो."

"सगळे आता कुठं आहेत?"

"सगळे नसले म्हणून नियम बदलतो का?" ती म्हणाली आणि हसली.

मग त्याने चौकशीचा सपाटाच लावला. तो किती वाजता येतो? डबा आणतो की तुझ्यातलं खातो? त्याच्या स्कोपमधून बघताना तो कुठं उभा असतो? ती सगळ्याची उत्तरं द्यायची, सविस्तर. परगावाहून मुलीचा फोन आला तेव्हा ती आईशी बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आई सांगत होती, हल्ली तुम्ही तिचं सगळं ऐकून घेता म्हणे. पक्ष्यांचं एवढं वेड कधीपासून?"

"ज्ञान वाढतं," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही जळताय."

"लिफ्टवाल्याला कसली जळजळ," तो म्हणाला आणि फोन बायकोकडे दिला.

स्कोपची कल्पना त्याला एका इमारतीच्या गच्चीवर सुचली, लिफ्टच्या मोटरला तेल घालताना. बायको त्या माणसाच्या स्कोपला डोळा लावायला जाते, म्हणून त्याच्या इतक्या जवळ उभी राहते. तिची स्वतःची दुर्बीण जुनी, एका बाजूने आत बुरशी धरलेली. तिचा स्वतःचा स्कोप असला, तर हा प्रश्नच मिटतो. दोघं आपापल्या जागी, आपापल्या यंत्राला डोळा लावून. मध्ये चांगलं हातभर अंतर. इतका साधा उपाय आपल्याला आधी कसा सुचला नाही, ह्याचं त्याला नवल वाटलं.

खोकं त्याने दोन दिवस गाडीतच ठेवलं, हत्यारांच्या पेटीमागे, जुन्या वायरच्या भेंडोळ्याखाली. रविवारी सकाळी तिला द्यायचं असं ठरलं होतं. पण शनिवारी त्याच्या मनात आलं की स्वतः वरखाली करून पाहिल्याशिवाय आपण आजवर कुठलंही यंत्र कुणाच्या ताब्यात दिलेलं नाही. स्कोपही यंत्रच. दुकानाच्या काचेतून पाहिलेली टाकी ही काय तपासणी झाली? खरी तपासणी पाण्यावर.

आता पाण्यावर म्हणजे त्याच तलावावर, आणि त्याच सकाळी, हे कुठं ठरलं होतं? पण तो स्वतःशीही ह्यावर फार बोलला नाही.

"एका इमारतीत लिफ्ट अडकलीय," रविवारी तो बुटांचे बंद बांधत म्हणाला.

"आज? रविवारी?" ती डबा भरत होती.

"लिफ्टला वार कळत नाहीत."

तलाव एका बाजूला चिंचोळा होता, नदीसारखा. बायको बसायची ती जागा पूर्वेच्या काठाला होती. तो पश्चिमेकडून गेला, खाणीच्या कच्च्या रस्त्याने, आणि पंपघराच्या मागच्या टेकाडावर गाडी उभी केली. करवंदीसारख्या कसल्याशा काटेरी जाळ्या होत्या. त्यांच्या आड त्याने स्टँड उभा केला, पाय मातीत रोवले, स्कोप बसवला. हात पँटला पुसले.

हवं ते स्कोपमध्ये सापडायला वेळ लागतो हे दुकानात कळलं नव्हतं. इकडे स्कोप बोटभर हलला की पलीकडे शेत संपून आभाळ लागायचं. पाणी, पाणी, मग चिखल, मग एक बगळा, मग नुसती पानं. मग निळं काहीतरी. बायकोची ओढणी.

त्याने चाक फिरवलं आणि ती समोर आली. हात लांब केला तर लागेल इतकी.

ती एका पडलेल्या झाडाच्या ओंडक्यावर बसली होती. गळ्यात जुनी दुर्बीण. वाऱ्याने केस तोंडावर येत होते, ते ती कानामागे सारत होती, पुन्हा येत होते. ती काही बोलत नव्हती. तो स्कोप हळूच डावीकडे सरकवत गेला, मग उजवीकडे. गवत होतं. तिची स्कूटर होती. तीन पायांचा दुसरा कुठलाही स्टँड दिसत नव्हता.

उशीर झालेला दिसतोय साहेबांना, तो मनात म्हणाला.

त्याने वाट पाहिली. ऊन चढायला लागलं तसं चित्र पाण्याखालून बघावं तसं हलायला लागलं. बायकोने दुर्बीण डोळ्यांना लावली, इकडच्या काठाकडे बराच वेळ पाहिलं. तो जाळीआड दबला. मग दुर्बीण खाली घेऊन तिने ओढणीच्या टोकाने एक भिंग पुसलं, परत पाहिलं, परत पुसलं. बुरशी आतून होती, ती पुसून जाणार नव्हती. ओंडका चांगला लांबलचक होता. ती त्याच्या मधोमध बसली नव्हती. अगदी एका टोकाला बसली होती, दुसऱ्या कुणाला बसता यावं अशी. त्या मोकळ्या जागेचाही त्याला राग आला.

"सरकारी काम आहे का?" मागून आवाज आला.

तो दचकून उभा राहिला. पंपघराचा रखवालदार होता, हातात काठी, डोक्यावर निळी टोपी. टोपीवर सोनेरी धाग्याचा बोटीचा नांगर. ती टोपी त्याने फोटोत पाहिली होती. गाडीच्या खिडकीतूनही पाहिली होती.

"ही टोपी कुठून आणलीत?"

"ही?" रखवालदाराने टोपी काढून तिच्याकडे पाहिलं. "कप्तानसाहेबांनी दिली. पलीकडे यायचे ते. कधीकधी इकडूनही बघायचे, माझ्याकडे चहा घ्यायचे. जाताना देऊन गेले."

"जाताना म्हणजे?"

"गाव सोडून गेले ना. मुलाकडे, लांब. मागच्या उन्हाळ्यातच गेले. घर विकलं, सगळं विकलं." त्याने काठीने पलीकडे दाखवलं. "ते गेले तेव्हा वाटलं त्या बाईही आता येणार नाहीत. पण येतात. दर रविवारी. एकट्याच बसलेल्या असतात. तुम्ही पाणमांजरं बघायला आलात?"

"हो," तो म्हणाला.

"आज दिसतील. काल दिसली होती." टोपी डोक्यावर घालून रखवालदार पंपघराकडे गेला.

मागचा उन्हाळा. तो जाळीपाशी खाली बसला. त्याच्यानंतर पावसाळा येऊन गेला, थंडी आली. मागच्याच रविवारी तिने सांगितलं होतं की कप्तानला सर्दी झालीय, तो सारखा शिंकत होता, त्या आवाजाने बदकं उडाली. सर्दी! त्या सर्दीवर त्याने दहा प्रश्न विचारले होते. औषध कुणी दिलं, इथपर्यंत.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट छातीत जी जळजळ होती तिला आता जायला जागा नव्हती. नसलेल्या माणसावर जळायचं कसं? आणि ती खोटं का बोलत होती? कशासाठी? की नसतानाही तो तिच्यासाठी तिथं होता, त्या ओंडक्यावर, दुसऱ्या टोकाला?

तो उठला, आणि निदान स्टँड तरी आवरावा म्हणून स्कोपला हात घातला, तेव्हा चित्र सरकून बायकोच्या डावीकडे गेलं. तिथं एक झाड पाण्यावर वाकलेलं होतं आणि त्याच्या खाली लव्हाळ्यांची दाटी होती. लव्हाळं हललं. आधी त्याला वाटलं ओलं लाकूड आहे. मग लाकडाला मिशा दिसल्या.

पाणमांजर होतं ते. चिखलावर आलं, मान उंच करून वास घेतला, आणि मागे वळून पाहिलं. त्याच्या मागून लव्हाळ्यातून पिल्लू घरंगळत बाहेर आलं.

त्याने स्कोप जरासा परत तिच्याकडे नेला. बायको डबा उघडून बसली होती आणि घास हातात तसाच धरून समोर बघत होती, पार पलीकडे, त्याच्याच काठाकडे. पाणमांजर तिच्यापासून दगड टाकला तर पोचेल इतकं जवळ होतं. मध्ये फक्त ते वाकलेलं झाड.

"डावीकडे," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "अगं, डावीकडे बघ ना!"

मध्ये सबंध तलाव होता. पंपघराच्या दारातून रखवालदाराने मान बाहेर काढली. "मला काही म्हणालात?"

"नाही. तुम्हाला नाही."

तो परत स्कोपला चिकटला. डोळ्यात पाणी आलं, ते पुसायलाही तो हलला नाही. चिखलावर जे चाललं होतं ते त्याने शेवटपर्यंत पाहिलं.

बायको घरी आली तेव्हा तो आधीच पोचला होता. हातांना ग्रीस नव्हतं तरी त्याने ते साबणाने दोनदा धुतले होते आणि वर्तमानपत्र उघडून बसला होता. पत्र चेहऱ्यासमोर धरलेलं बरं, असं त्याला वाटलं.

"निघाली लिफ्ट?" तिने चपला काढत विचारलं.

"निघाली."

"पाणी खूप उतरलंय हो. काठाला सगळा चिखल सुकून भेगा पडल्यात."

"हं."

तिने माठातून पाणी घेतलं. प्याली. दुर्बीण खुंटीला अडकवली. "ते झाडही आता पार वाकलंय. पाऊस आला की जाईल ते ह्या वर्षी."

"हं."

ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ सुरू झाला, बंद झाला. मग तिथूनच ती म्हणाली, "कप्तान म्हणत होता, पाणी उतरलं की पाणमांजरं वरच्या अंगाला जातात. म्हणून दिसली नाहीत आज."

खोटारडी, असा शब्द त्याच्या ओठांवर आला. त्याने पत्र खाली केलं. खाली केल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते खाली झालंय. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, पत्राकडे बघत होती. बटण दाबून लिफ्टच्या दारापाशी लोक उभे असतात, तशी. पत्र खाली आल्यावर तिची नजर वर आली आणि ती आत येऊन त्याच्यासमोर बसली.

"मग?" त्याच्या तोंडून गेलं. नेहमीसारखंच. "आणखी काय म्हणाला?"

"म्हणाला, पिल्लांचे दिवस आहेत, धीर धरायला हवा." ती सांगत राहिली. तिचे हात हलत होते, डोळे चमकत होते. तो ऐकत होता आणि आठवत होता. लॅबमधल्या त्या नव्या मुलीचं काय झालं, जी रोज रडायची? बायकोने सांगितलं होतं, नक्की सांगितलं होतं. तो 'हं' म्हणाला होता. तिचा खांदा दुखत होता तो कधी थांबला? थांबला का? त्याला ठाऊक नव्हतं. कप्तानला सर्दी कुठल्या रविवारी झाली, ते मात्र पाठ होतं.

पण तेवढंच असेल असंही नाही. ओंडक्याच्या टोकाला ती काही नवऱ्याला दाखवायला बसली नव्हती. तिथं कुणी बघतंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

तो उठला. "आलोच," म्हणाला आणि खाली जाऊन गाडीतून खोकं आणलं. वायरचा काळा डाग त्याच्यावर पडला होता, तो त्याने जिन्यात बाहीने पुसला.

तिने खोकं उघडलं. तिने स्कोप दोन्ही हातांनी उचलला, तान्हं मूल उचलावं तसा खालून हात देऊन. "अहो," ती म्हणाली. मग पुन्हा, "अहो." खिडकीपाशी नेऊन तिने डोळा लावला, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पाहिले, आणि दोरीवरच्या चिमट्यांचे रंग मोठ्याने सांगितले. त्याला हसू आलं.

"सरळ घेतलात," ती म्हणाली.

"का? चुकलं?"

"नाही, मला छानच आहे." तिने नळीवरून बोट फिरवलं. "कप्तानला मात्र वाकावं लागेल."

हे म्हणताना तिने वर पाहिलं नाही. त्याने तिच्या मानेकडे पाहिलं, उन्हाने रापलेल्या. आता बोलायचं तर हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. इतके महिने त्याने जे सोसलं होतं ते सगळं त्या एका वाक्यात फिटलं असतं.

"वाकेल की," तो म्हणाला. "आणि त्याला म्हणावं, लांब कशाला बघत बसतोस. ते वाकलेलं झाड आहे ना, त्याच्या डाव्या अंगाला लव्हाळ्यात बघ. वरच्या अंगाला काही गेलेली नाहीत ती. पिल्लं तिथंच आहेत."

तिचं बोट थांबलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. बायकोने स्कोप सावकाश टेबलावर ठेवला. झाकण लावलं. तिचे कान लाल झाले होते. तो वर्तमानपत्राच्या घड्या घालत राहिला, आधी दोन, मग चार, मग आणखी घालता येईनात इतक्या.

"सांगते," ती म्हणाली.

"हो, सांग."

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर ठेवले. मग तिने विचारलं, हळू, पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं अशा आवाजात, "पिल्लं म्हणजे किती?"

"दोन. एकाला तिने मानगुटीला धरून उचललं आणि पोहत निघून गेली. दुसरं चिखलात तसंच राहिलं. ओरडत होतं."

"ओरडलेलं ऐकू आलं?"

"तोंड उघडत होतं. सारखं. एवढंसं."

"अगंबाई." तिने हनुवटी तळहातावर टेकली, खुर्ची पुढे ओढली. "मग? त्याला न्यायला परत आली का ती?"

"आली," तो म्हणाला. "तू डबा धूत होतीस तेव्हा."